देवाच्या डोईवरचं रान

९ जून, कुडाळ

राईत शिरायचं तर चपला रानाच्या हद्दीवरच काढायच्या. देऊळ तिथून बरंच आत आहे, वाटेवरून दिसतही नाही. पण गावाच्या लेखी गाभारा त्या हद्दीपासूनच सुरू होतो. पहिला पाऊस जमिनीत मुरला होता. पायाखाली पाचोळ्याचा जाड थर, वर सातवीण, किंजळ, हरडा, जुने रायवळ आंबे आणि त्यांच्यावरून उतरलेली मनगटाहून जाड गारंबीची वेल. तिची हातभर लांब शेंग वाटेत पडली होती. बाहेरच्या उकाड्यातून आत आल्यावर अंगावरचा घाम लगेच निवला.

मग थोडी मोकळी जागा. तिथे एक वड आणि त्याच्या मुळांच्या बेचक्यात तीन पाषाण. घडवलेली मूर्ती नाही. भोवती गुडघाभर उंचीचा चिऱ्यांचा चौथरा, दिवा ठेवायला एक कोनाडा. वर छप्पर नाही.

गुरवकाकांना मी विचारलं, कधीच नव्हतं का? ते म्हणाले, ‘देवाक छप्पर नको हा, बाय. हो रूखच तेचा देऊळ.’ त्यांच्या आज्याच्या काळात कुणीतरी नवसाची कौलं चढवली होती, त्याच पावसात फांदी कोसळून ती फुटली. तेव्हापासून कुणी नाव काढलं नाही.

आता मात्र काढलं आहे. गावाच्या मुंबई मंडळाने वर्गणी जमवली आहे. गाभारा, सभामंडप, लाद्या, स्लॅबवर शिखर, असं त्यांच्या मनात आहे. त्यासाठी वडाच्या पूर्वेकडच्या मोठ्या फांद्या आणि भोवतालची काही झाडं तोडावी लागतील. नकाशा काढायचं काम माझ्याकडे आलं आहे. जुन्या वास्तूंच्या दुरुस्तीची कामं मी करते. इथे काय बांधायचं हे ठरण्याआधी इथे आज काय उभं आहे ते नीट मापायचं, एवढंच आज मंडळाला कळवलं.

१२ जून

पाऊस उघडला तेवढ्यात मापं घेतली. देवळाचं माप घेताना खांब, तुळई, ओटा यांची नोंद करतात. मी तशीच वडाची केली. त्याच्या पारंब्या मोजल्या, कुठल्या जमिनीत टेकल्या आहेत आणि कुठल्या अधांतरी आहेत ते टिपलं. वडाची आडवी फांदी लांबत जाते तसा तिचा भार वाढतो. पारंबी जमिनीला लागली, तिने मूळ धरलं, की ती जाड होत जाते आणि फांदीला खालून टेकू मिळतो. जिथे गरज, तिथे वड स्वतःच खांब उभा करतो. पूर्वेकडच्या फांदीच्या पारंब्या अजून जमिनीपासून बऱ्याच वर आहेत. मंडळाच्या आराखड्यात नेमकी हीच फांदी जायची आहे. ती ठेवली आणि खाली काँक्रीट ओतलं, तरी पारंब्या लादीवर येऊन वाळतील आणि फांदीला आधार कधीच मिळणार नाही.

चौथऱ्याचे चिरे जांभ्याचे. जांभा खाणीतून काढताना मऊ असतो, हवा लागली की घट्ट होतो, पण त्याच्या अंगातली भोकं तशीच राहतात. त्यांत ओल टिकते आणि बारीक मुळांना ती पुरते. उत्तरेकडचे दोन चिरे मुळाने उचललेत. त्याच मुळाने बाजूचे चार असे कवटाळलेत, की पहारीनेही हलणार नाहीत.

१६ जून

दिवसभर मुसळधार. घरात बसून वाचन.

भारहूतच्या कठड्याचे अवशेष कोलकात्याच्या संग्रहालयात आहेत. दोन हजार वर्षांपूर्वीच्या त्या कोरीव कामात बोधगयेचा पिंपळ दाखवला आहे. त्याच्याभोवती खांबांवर उभी इमारत, आणि झाडाचा शेंडा त्या इमारतीतून वर, उघड्यावर. आत बुद्धाची मूर्ती नाही, आसन आहे. झाडासाठी बांधलेल्या अशा वास्तूला बोधिघर म्हणत. श्रीलंकेत निल्लकगम इथे एका बोधिघराचे दगडी अवशेष अजून आहेत: चौकोनी भिंत, आत झाडाची जागा, वर आकाश. छप्पर असलंच तर ते फिरणाऱ्या भाविकांच्या डोक्यावर. झाडाच्या डोक्यावर नाही. ही गोष्ट मी वहीत अधोरेखित करून ठेवली.

आपल्याकडे भाजे लेण्यांतल्या विहारात उजव्या अंगाला हत्तीवरच्या स्वाराचं शिल्प आहे. सगळे त्या हत्तीकडे बघतात, त्याने सोंडेत उपटून धरलेल्या झाडाकडे बघतात. त्याच पटात खाली कठडा घातलेलं एक झाड आहे, भोवती माणसं आहेत. एक झाड उपटलेलं आणि एक कुंपण घालून पुजलेलं, दोन्ही एकाच दगडात. शिल्पकाराच्या मनात काय होतं त्यावर अभ्यासक वाद घालतात. पण कठड्यातलं झाड हे त्या काळच्या माणसाला ओळखीचं देवस्थान होतं, यात शंका नाही.

म्हणजे क्रम असा दिसतो: आधी झाड, मग त्याच्याभोवती कठडा, मग पाऊलवाट, मग वाटेवर छप्पर. भलं मोठं देऊळ फार उशिरा आलं. बोधगयेत आजही मंदिर पूर्वेला आणि पिंपळ त्याच्या पाठीला टेकून, मध्ये वज्रासन. १८७६च्या वादळात तिथला जुना पिंपळ पडला. १८८१मध्ये पुरातत्त्वज्ञ कनिंगहॅमने त्याच जागी रोप लावलं. अनुराधपुरातला पिंपळ मूळ बोधिवृक्षाच्या फांदीपासून वाढला, ती फांदी संघमित्रेने इसवीसनपूर्व तिसऱ्या शतकात नेली, असं परंपरा सांगते. दगड जागेवर राहतो म्हणून टिकतो. झाड टिकतं ते कुणीतरी फांदी उचलून दुसरीकडे लावतो म्हणून.

२३ जून

गावात बैठक. मंडळाचे तिघे मुंबईहून रात्रीच्या गाडीने आले होते. त्यांच्याविषयी मनात अढी घेऊन मी गेले नव्हते, आणि ऐकल्यावर तर त्यांचं म्हणणं जास्तच पटलं. श्रावणात भजनी सप्ताह असतो. सात दिवस, रात्रंदिवस पहारे. उघड्यावर ताडपत्री बांधून टाळ वाजवायचे, तंबोरे भिजतात, म्हाताऱ्या माणसांना ओलीत उभं राहावं लागतं. एक वहिनी म्हणाल्या, ‘शेजारच्या गावात लाद्या घातल्या, आमच्या देवाकडे अजून चिखल. लेकीसुना माहेरी आल्या की विचारतात.’ यात हौस आहे तशीच देवावरची माया आहे. गिरणीत, बंदरात आयुष्य घालवलेल्या माणसाला गावच्या देवासाठी काहीतरी पक्कं करून जावंसं वाटतं, आणि पक्कं म्हणजे स्लॅब, हे त्याने शहरात पाहिलेलं असतं.

पण पुढचं वाक्य आलं तेव्हा मला बोलावं लागलं. पैसे कमी पडले तर राईतली पडीक लाकडं आणि दोन-चार किंजळी विकता येतील, असं एकाने सुचवलं. कोकणात अनेक गावांत असंच झालं. देवाची झाडं विकून देवाचं घर मोठं केलं, आणि घर पुरं होईपर्यंत रान गेलं. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी सत्तरच्या दशकात सह्याद्रीतल्या देवराया पायी हिंडून नोंदवल्या. वाळकं पानसुद्धा बाहेर नेत नाहीत अशा राया त्यांना तेव्हा सापडल्या. त्यांच्या लिखाणामुळे देवराई हा शब्द शहरापर्यंत पोचला. मी सभेत एवढंच विचारलं की गावाच्या विहिरीला एप्रिलमध्ये पाणी कुठून येतं. उत्तर गुरवकाकांनी दिलं. राईच्या खालच्या अंगाला झरा आहे. तो आटल्याचं कुणाच्या आठवणीत नाही.

निर्णय झाला नाही. तिघेही परतीच्या गाडीआधी माझ्याबरोबर राईत आले आणि हद्दीवर न सांगता चपला काढल्या.

५ जुलै, आळंदी

पालखी पुढे गेली आहे, त्यामुळे आळंदीत जरा शांतता. समाधीमंदिराच्या आवारात अजानवृक्षाभोवती ज्ञानेश्वरीच्या पोथ्या उघडून माणसं बसली होती. काही मनात, काही मोठ्याने, प्रत्येक जण आपापल्या ओवीवर. एक बाई पडलेलं पान उचलून डोळ्यांना लावत होत्या. झाड तसं साधं, पांढऱ्या बारीक फुलांचं. इथल्याच सुवर्णपिंपळासारखा त्याचा थाट नाही. पण सगळ्या आवारात लोक सर्वांत जास्त वेळ बसतात ते इथे. समाधीच्या दारात रांग पुढे सरकते. झाडाखाली कुणी कुणाला सरकायला सांगत नाही.

नाथांची गोष्ट इथे उभं राहून आठवावी अशी आहे. ज्ञानदेवांनी १२९६मध्ये समाधी घेतली. त्यानंतर जवळजवळ तीनशे वर्षांनी एकनाथांच्या स्वप्नात ते आले आणि अजानवृक्षाची मुळी गळ्याला लागली आहे, ती येऊन काढ, असं म्हणाले, अशी आख्यायिका आहे. नाथ पैठणहून आले, समाधीत उतरले, मुळी सोडवली. त्याच नाथांनी शके १५०६मध्ये, म्हणजे १५८४ साली, ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली.

ही कथा मी लहानपणापासून चमत्कार म्हणून ऐकली. आज ती मला देखभालीची कथा वाटली. समाधीच्या दगडाशेजारी झाड आहे. झाडाची मुळं वाढणार, दगडाच्या सांध्यात शिरणार. त्यावर दोन सोपे उपाय असतात. एक, झाड तोडून टाकायचं. दुसरा, देवाची इच्छा म्हणून मुळाला हात लावायचा नाही. कथेतले ज्ञानदेव यांतलं काहीच सांगत नाहीत. ते जाणत्या माणसाला बोलावतात, गळ्याशी आलेली तेवढी मुळी काढायला. झाडही राहतं, समाधीही राहते. वास्तुदुरुस्तीच्या कुठल्याही पुस्तकात याहून नेमकी सूचना मी वाचलेली नाही.

आणि मग त्याच माणसाने पोथीतले पाठ निवडावेत! शतकांच्या हातांत ग्रंथावर चढलेलं नको तेवढंच काढायचं आणि मूळ ओवीला धक्का लावायचा नाही. ही दोन कामं परंपरेने एकाच हातात दिली, यात मला फार मोठी समज दिसते.

२७ जुलै, नरसोबाची वाडी

कृष्णा पात्राबाहेर. पायऱ्या दिसत नाहीत, मंदिराचा खालचा भाग पाण्यात. उत्सवमूर्ती वर नारायणस्वामींच्या मंदिरात नेली आहे. दक्षिणद्वार होऊन गेलं. पाणी चढत चढत मनोहर पादुकांवरून वाहून दक्षिणेच्या दाराने बाहेर पडतं, त्याला इथे दक्षिणद्वार सोहळा म्हणतात, आणि त्या पाण्यात स्नान करायला लांबून माणसं येतात.

औदुंबर पाण्यात उभा आहे. उंबर मुळात ओढ्यानदीच्या काठचं झाड. मुळं काही दिवस पाण्याखाली राहिली तरी त्याचं बिघडत नाही. नृसिंहसरस्वती इथे बारा वर्षं राहिले ते उंबराखाली, आणि नंतर बांधकाम झालं ते उंबराला आणि नदीला दोघांना मानून. कृष्णेला येऊ देणारी, तिला आत घेऊन दुसऱ्या दाराने वाट देणारी वास्तू. पूर येणार हे गृहीत धरलं, मूर्ती वर न्यायची रीत घातली, आणि तो दिवस सणाचा केला. आज बांधलं असतं तर पहिली सूचना संरक्षक भिंतीची आली असती.

काळजी वाटावी असंही एक दिसतं, इथेच नाही, सगळीकडे. ज्या झाडाला प्रदक्षिणा घालायच्या त्याच्या बुंध्यापर्यंत फरशी येते. हजारो पावलांनी माती दगडासारखी होते, वरून सिमेंट. पाणी आणि हवा मुळापर्यंत जाणार कशी? पार उंच करायला बुंध्यावर हातभर माती चढवतात, साल आतून कुजते, आणि पाच-सात वर्षांनी झाड वाळलं की देवाने नेलं म्हणतात. झाडाभोवती निदान एक मीटर जागा काँक्रीटमुक्त करा, असा आदेश राष्ट्रीय हरित लवादाने २०१३मध्ये दिल्लीतल्या झाडांसाठी दिला होता. देवळातल्या झाडाला तर त्याहून जास्त जागा हवी, कारण तिथे पावलंही जास्त.

११ ऑगस्ट, सावंतवाडीजवळ

एका जुन्या शिवमंदिराच्या शिखरावर पिंपळ आला आहे, तो पाहायला बोलावलं होतं. विश्वस्तांत दोन तट पडलेत. एक म्हणतो पिंपळ तोडायचा नसतो, पाप लागतं. दुसऱ्याने गेल्या वर्षी वरून कोयत्याने छाटला, आणि यंदा त्याला तिप्पट फुटवे.

पिंपळ, वड, उंबर यांची फळं बुलबुल खातात, हरियाल खातात, धनेश खातो. विष्ठेतून बी पडतं. ते झाडाच्या बेचक्यात पडलं तर रुजतं, शिखराच्या भेगेत पडलं तरी रुजतं. धनेश राईही वाढवतो आणि शिखरही फोडतो. त्याला दोन्ही सारखंच. म्हणून मधे माणूस लागतो. वीतभर रोप आहे तेव्हाच ते मुळासकट सोडवून शेताच्या बांधावर किंवा राईच्या कडेला लावलं, तर शिखर वाचतं आणि पिंपळ तोडल्याचा सलही राहत नाही. हे काम दरवर्षी पावसाळा सरता सरता करायचं असतं, शिडी लावून, तासाभराचं. ते कुणी केलं नाही की वीस वर्षांनी लाखोंचं होतं.

इथे ती वेळ गेली आहे. मुळं शिखराच्या थरांतून खाली गाभाऱ्यापर्यंत आली आहेत. आता हिसका देऊन उपटणं सर्वांत वाईट, मूळ दगड घेऊनच बाहेर येईल. दगडांवर क्रमांक घालायचे, एकेक थर उतरवायचा, मूळ काढायचं, आणि तेच दगड त्याच जागी चुन्यात परत बसवायचे. सिमेंट नको. सिमेंट दगडाहून कडक होतं, ओल आत कोंडते, आणि चीर पडली की नव्या बीला जागा तयार. चुना जरा हलतो, श्वास घेतो, बारीक चीर स्वतःच भरून काढतो. जुने कारागीर चुन्यात बेलफळाचा चीक, गूळ, हिरड्याचं पाणी घालत. म्हणजे शिखरावरचा पिंपळ आवरायचा तोही दुसऱ्या झाडांच्या मदतीने.

संध्याकाळी विश्वस्तांपैकी जे पाप म्हणत होते त्यांनीच विचारलं, ‘फुटवे काढून कुठे लावता येतील?’ त्यांच्याच परसात जागा ठरली.

७ सप्टेंबर

गणपती. माटवी बांधली: नारळ, सुपारीचा घड, कवंडळं, कांगण्या, शेरवाड, आंबाडे, तिरफळं. लाकडी चौकट एकच, पिढ्यान्‌पिढ्या तीच. तिच्यावरचं रान दरवर्षी नवं. गोव्यात हिला माटोळी म्हणतात आणि तिथे तिच्या स्पर्धाही होतात. काकांचा मुलगा सकाळी कवंडळं शोधत डोंगरावर गेला तर जुन्या जागी वेल नव्हती, तिथे आता काजूची बाग. तो तीन टेकड्या हिंडला तेव्हा मिळाली. देवाचं छत भरायचं तर डोंगरावर रान असावं लागतं, हे पोरांना सणातूनच कळतं.

१० सप्टेंबर, सत्तरी

बांबरची निरंकाराची राय. बऱ्याच दिवसांपासून मनात होतं, गोव्यात होते म्हणून गेलेच.

जायफळाच्या कुळातली झाडं, गोड्या पाण्याच्या दलदलीत. चिखलात श्वास मिळत नाही म्हणून मुळं गुडघे वर काढतात, वाकून पुन्हा खाली जातात; खोडाला कमानीसारखी आधारमुळं फुटतात. पश्चिम घाटात अशा दलदली फार थोड्या उरल्या आहेत. इथली उरली ती देवामुळे. देवाचं नाव निरंकार, आकार नसलेला. त्याला मूर्तीची गरज नाही, आणि घराचीही नाही. पाणी, मुळं, वरून गाळून येणारा उजेड, एवढंच. इथे मी कागद पेन्सिल काढली नाही.

वास्तुकार म्हणून मला इथे करण्यासारखं काहीच नाही, आणि ते बरं आहे. प्रत्येक पवित्र जागी माझ्या धंद्याला काम असावंच असं नाही. दलदलीत भराव टाकून पायवाट करावी असं कुणाला कधी वाटू नये.

२९ सप्टेंबर

एका जुन्या मित्राने उत्तर इटलीतून छायाचित्रं पाठवली. बोर्गो वाल्सुगानाजवळच्या डोंगरात जुलियानो माउरी या कलावंताने २००१मध्ये झाडांचं कॅथीड्रल उभं केलं. तीन दालनं, ऐंशी खांब, प्रत्येक बारा मीटर उंच. खांब म्हणजे फांद्या विणून केलेले पिंजरे, आणि प्रत्येकात हॉर्नबीमचं एक रोप. रोप वाढेल तसा पिंजरा कुजत जाईल आणि शेवटी नुसती झाडं खांबांच्या जागी उभी राहतील, अशी योजना. माउरी २००९मध्ये गेले; वास्तू पुरी झालेली त्यांनी पाहिली नाही, पाहण्याचा प्रश्नच नव्हता.

कल्पना मोठी आहे आणि मला ती मनापासून आवडते. फक्त तिथे आधी चर्चचा नकाशा आहे आणि झाडांनी तो भरायचा आहे. आपल्या राईत नकाशा झाडांचा. इथिओपियातली जुनी ऑर्थोडॉक्स चर्चं मला आपल्याला जास्त जवळची वाटतात. गोल चर्च, भोवती त्याचं रान, आणि बाकीचा डोंगर उघडा. तिथेही गुरं आत शिरू नयेत म्हणून काही गावांनी शेतांतले दगड वेचून रानाभोवती गडगे घातले. गडगा! आमच्या राईला पश्चिमेकडून गुरं येतात, हे मी नकाशात धरलंच नव्हतं. उद्या जाऊन पाहायचं.

१४ ऑक्टोबर

नकाशा तयार. बराच वेळ यावर बसले, म्हणून इथे सविस्तर लिहून ठेवते.

पाषाण, चौथरा, वड: जिथे आहेत तिथे, उघडे. उचललेले दोन चिरे तसेच, त्यांच्याखाली चुन्याची भर. वडाच्या पसाऱ्याखाली कुठेही खोदाई नाही, भराव नाही. मुळं फांद्यांच्या घेराबाहेरही जातात, म्हणून हद्द त्याहून पुढे आखली. पूर्वेच्या पारंब्यांना जमिनीपर्यंत यायला बांबूच्या पोकळ नळ्या बांधायच्या, आत माती आणि शेणखत. दोन-तीन पावसाळ्यांत त्या टेकतील.

सभामंडप राईबाहेर, हद्दीच्या शेजारी, जिथे चपला काढतात त्या मोकळ्या जागी. भजन तिथे, सप्ताह तिथे, लाद्याही तिथे. छप्पर मंगलोरी कौलांचं, पागोळ्यांचं पाणी चर काढून राईच्या झऱ्याकडे. देवाकडे तोंड असलेली बाजू पूर्ण उघडी. वीज मंडपापर्यंतच, राईत दिवे नाहीत. रात्रभर जळणाऱ्या दिव्यांनी वाघळं जागा सोडतात, आणि वडाचं बी लांबवर नेणारी तीही आहेत.

मंडपापासून चौथऱ्यापर्यंतची वाट सुट्या चिऱ्यांची, मातीत नुसते बसवलेले, फटीत गवत. मूळ वर आलं तर चिरा उचलून सरकवायचा. प्रदक्षिणेचा मार्ग बुंध्यापासून आठ हात लांब. पश्चिमेला गडगा, राईतल्याच पडलेल्या दगडांचा.

मंडळाला शिखर हवं होतं. मंडपावर छोटा कळस दाखवला आहे. पण देवाच्या डोक्यावर काही नाही, यावर मी हटून राहिले.

२४ नोव्हेंबर

आज नकाशावर देवाचा कौल घेतला. पाषाणांवर कळे लावले, मानकरी हात जोडून उभे राहिले, गुरवकाकांनी गाऱ्हाणं घातलं आणि प्रत्येक ओळीला सगळ्यांनी ‘व्हय म्हाराजा’ म्हटलं. मुंबईचे लोकही त्यात होते. उजवा कळा पडला, म्हणजे देवाचा होकार.

लोकांची बोलणी त्याआधी आठवडाभर चालली होती, हे खरं. दोन वेळा मोडलीही होती. पण माणसांत ठरलेलं देवासमोर मांडल्याशिवाय इथे ते गावाचं होत नाही, आणि एकदा झालं की सरपंच बदलला तरी मोडत नाही. ग्रामपंचायतीच्या ठरावापेक्षा मला या कौलाचा आधार जास्त वाटतो.

मग खरी बैठक झाली, चौथऱ्यापासून लांब, गडग्याच्या जागेवर. मी यादी वाचली: चिऱ्यांच्या फटीतली पिंपळाची रोपं सोडवून कडेला लावणं, पारंब्यांच्या नळ्यांत माती भरणं, झऱ्याचा चर साफ करणं, गडग्याची डागडुजी, पडलेलं लाकूड तिथेच कुजू देणं. हे सगळं कोण करणार, कधी? गुरवांची चार घरं आहेत, देवाची पाळी त्यांच्यात वर्षावर्षाने फिरते. पाळीच्या घराने पूजेबरोबर हेही करायचं, असं ठरलं. मदतीला मंडळाची मुलं गणपतीला येतात तेव्हा दोन दिवस जास्त राहतील. वर्गणीतली काही रक्कम या कामासाठी वेगळी ठेवायचं मंडळाच्या खजिनदारांनीच सुचवलं, मला विचारावं लागलं नाही.

केलेलं काम वहीत लिहायचं, यावर एकमत झालं. वही कुणाकडे राहणार, यावर अर्धा तास वाद. गुरवकाकांचं म्हणणं, वही देवाजवळच्या घरात हवी. खजिनदारांचं म्हणणं, पैसे मुंबईचे म्हणजे हिशेब मुंबईत. शेवटी दोन वह्या ठरल्या, एक इथे, एक तिथे, आणि शिमग्याला दोन्ही ताडून पाहायच्या. पहिली पाळी गुरवकाकांच्या धाकट्या भावाच्या घरची. त्यांच्या सुनेने यादी माझ्याकडून मागून घेतली आणि पारंब्यांच्या नळीला बांबू कुठल्या जातीचा चालेल ते विचारलं.